ऑक्सिजन १०४ टक्के आला म्हणजे उत्पादन ४ टक्के का? आणि मधेच हा आर्गॉन कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातच एमएस्सी करणाऱ्या एकानं विचारलंय की समुद्राच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजून तिथली जैविक उत्पादकता काढतात असं वाचलं, एका डेटात वरच्या पाण्यात ऑक्सिजन १०४ टक्के सॅच्युरेशन दिसतोय (म्हणजे हवेशी समतोल असताना पाण्यात जेवढा मावतो त्याच्या १०४ टक्के), तर वरचे ४ टक्के म्हणजेच शेवाळानं केलेलं उत्पादन असं धरायचं का? सगळे सोबत आर्गॉन का मोजतात, तो तर काहीच करत नाही ना? आणि इथं समुद्र नाही तर हिप्परगा तलावावर असलं काही करता येईल का?

दुसऱ्या प्रश्नात तुम्ही स्वतःच उत्तर देऊन बसलाय ओ. आर्गॉन काहीच करत नाही, म्हणूनच मोजतात. पण ते नीट कळायला आधी पहिला प्रश्न सोडवावा लागतो.

मी पण सोलापूरचाच. समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हा कॉलेजात होतो, आणि पुढं वीसेक वर्षं जहाजांवरच्या लॅबमधे पाण्यातले गॅस मोजण्यात गेली, आता परत इथंच आहे. त्यामुळं पुस्तकातलं कमी आणि हात भाजून शिकलेलं जास्त सांगणार आहे.

तर खरा प्रश्न "ऑक्सिजन किती" हा नाहीच, "हा ऑक्सिजन कुणी आणला" हा आहे. समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ, म्हणजे फायटोप्लँक्टन, पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा साधारण निम्मा भाग करतं. पण ते जेवढं तयार करतं त्यातलं बरंचसं तिथल्या तिथं खाल्लं जातं, शेवाळ स्वतः श्वसन करतं, झूप्लँक्टन म्हणजे पाण्यातले बारीक प्राणी खातात, बॅक्टेरिया खातात, आणि या सगळ्यात ऑक्सिजन परत खर्च होतो. घरात पगार किती आला ते ग्रॉस प्रॉडक्शन आणि महिनाअखेर हातात किती राहिलं ते नेट कम्युनिटी प्रॉडक्शन. ऑक्सिजन-आर्गॉनवाले लोक ही शिल्लक मोजतात, कारण खोल समुद्रात कार्बन जो खाली जातो तो शेवटी या शिलकीतनंच जातो. पगार मोजायचा असेल तर पद्धत वेगळी आहे, त्यावर खाली दोन ओळी लिहितो.

आता तुमचे ४ टक्के. ते चार जणांनी मिळून आणलेले असू शकतात. एक, शेवाळ. दोन, ऊन. पाणी एक अंशानं तापलं की त्यात मावणारा ऑक्सिजन दीड ते दोन टक्क्यांनी कमी होतो, पण आधीच विरघळलेला गॅस काय लगेच उठून हवेत जात नाही, त्याला दिवस लागतात, म्हणजे एकाही शेवाळानं काहीही न करता नुसतं उन्हानं पाणी दोन अंश तापलं तरी मीटर १०३ पेक्षा जास्त दाखवू शकतो. तीन, लाटा. लाट फुटली की हवेचे बुडबुडे खाली ढकलले जातात आणि तिथल्या दाबानं विरघळतात. चार, हवेचा दाब. तो १ टक्का उतरला तर सॅच्युरेशनची रेघच १ टक्का खाली सरकते आणि तुमचा आकडा बसल्या जागी वाढतो. आता नुसत्या ऑक्सिजनच्या आकड्याकडं बघून यातला कुणाचा वाटा किती ते कसं सांगणार? नाही सांगता येत.

इथं आपली सोलापुरी चादर कामाला येते. समजा तुम्हाला बघायचंय की वापरून वापरून चादरीचं वजन किती घटतं. पण चादर धुतली जाते, धुण्यानं पण धागा झडतो. मग काय करायचं, एकाच मागावरच्या एकाच सुताच्या दोन चादरी घ्यायच्या, एक वापरायची आणि धुवायची, दुसरी कपाटात ठेवायची पण पहिलीला जेवढ्या वेळा धुतलं तेवढ्याच वेळा, त्याच पाण्यात धुवायची. शेवटी दोन्हीत जो फरक येईल तो निव्वळ वापराचा. आर्गॉन ही ती न वापरलेली पण तितकीच धुतलेली चादर आहे. ऊन, बुडबुडे, दाब हे सगळं त्याला ऑक्सिजनसारखंच सोसावं लागतं, फक्त शेवाळ आणि बॅक्टेरिया त्याला हात लावत नाहीत.

"एकाच मागावरची" हा मुद्दा महत्त्वाचा आहे, तो सोडू नका. अक्रिय वायू म्हणून कुठलाही चालत नाही. आर्गॉनची पाण्यात विरघळण्याची पद्धत, तापमानानुसार ती किती बदलते ते, आणि पाण्यातनं पसरण्याचा वेग, तिन्ही ऑक्सिजनच्या अगदी जवळ आहेत. हेलियम घ्याल तर तापमानाचा त्याच्यावर जवळपास परिणामच नाही. नायट्रोजन पाण्यात ऑक्सिजनच्या निम्मा विरघळतो म्हणून बुडबुड्यांचा परिणाम त्याच्यावर जास्त दिसतो, शिवाय काही ठिकाणी बॅक्टेरिया त्याच्याशी पण खेळतात. हवेत ऑक्सिजन २०.९५ टक्के आणि आर्गॉन ०.९३ टक्के, म्हणजे सुमारे साडेबावीसास एक, आणि समुद्राच्या पाण्यात समतोल असताना साधारण वीसास एक. हार्मन क्रेग आणि टॉम हेवर्ड यांनी १९८७ मधे हीच युक्ती वापरून दाखवलं होतं की समुद्रातल्या जास्तीच्या ऑक्सिजनपैकी जैविक किती आणि भौतिक किती ते वेगळं काढता येतं.

आता तुमच्याच आकड्यावर हिशेब करू. समजा त्याच पाण्यात आर्गॉन १०२.५ टक्के निघाला (हा मी धरलेला आकडा आहे, तुमच्या डेटात नाही). १.०४ भागिले १.०२५ म्हणजे १.०१४६. म्हणजे जैविक जास्तीचा ऑक्सिजन फक्त दीड टक्का, उरलेला अडीच टक्के ऊन-वाऱ्याचा. उष्ण समुद्रात सॅच्युरेशनला घनमीटरमागं साधारण २०० मिलिमोल ऑक्सिजन असतो, त्याचे १.४६ टक्के म्हणजे २.९ मिलिमोल. हा जास्तीचा ऑक्सिजन वाऱ्यामुळं हवेत निसटत असतो, त्याचा वेग बऱ्यापैकी वारा असताना दिवसाला ३ मीटर धरा, म्हणजे चौरस मीटरमागं दिवसाला साधारण ८.८ मिलिमोल बाहेर चाललाय. पातळी टिकून आहे म्हणजे तेवढाच रोज नव्यानं तयार होतोय. कार्बनमधे करायला १.४ नं भागा, ६.३ मिलिमोल, १२ नं गुणा, साधारण ७५ मिलिग्रॅम कार्बन. आणि आर्गॉन न बघता पूर्ण ४ टक्के घेतले असते तर २०६ आले असते. पावणेतीन पट! म्हणून एवढा खटाटोप.

पण "साहेब आर्गॉन मोजला म्हणजे झालं" असं पण नाही. मी वर तीन गोष्टी गुपचूप धरल्यात, त्या उघड करतो.

पहिली वारा. तो ३ मीटरचा आकडा वाऱ्याच्या वेगावरनं काढतात, साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, आणि त्यात २० टक्के इकडंतिकडं होणारच, कितीही महागडं यंत्र आणा. शिवाय आजचा वारा घेऊन चालत नाही, मागच्या काही आठवड्यांचा वारा वजन देऊन घ्यावा लागतो. दुसरी तो १.४ चा भाग. शेवाळ नायट्रेट खाऊन वाढलं तर एका कार्बनमागं १.४ च्या आसपास ऑक्सिजन सुटतो, अमोनियावर वाढलं तर १.१ च्या आसपास. शिल्लक उत्पादनासाठी आम्ही बहुतेक वेळा १.४ च धरायचो, पण धरलेलंच आहे ते.

तिसरी म्हणजे काळ. वरचा ढवळलेला थर ३० मीटर आणि गॅस निसटायचा वेग दिवसाला ३ मीटर, तर हा आकडा मागच्या दहाएक दिवसांची सरासरी सांगतो, आजचा नाही. यावरनं किती भांडणं बघितलीत मी जहाजावर! शेजारच्या टेबलावर कोणीतरी कार्बन-१४ टाकून बाटलीत २४ तास ठेवून आकडा काढलेला असतो (स्टीमन नीलसनची ती पद्धत १९५२ पासून चालत आलीय), तो आपल्याशी जुळत नाही, मग रात्रीच्या जेवणाला दोघं एकमेकांचं यंत्र बिघडलंय म्हणतात. अरे बाबांनो एकजण आजचा गल्ला मोजतोय आणि दुसरा दहा दिवसांची शिल्लक, जुळतील कशाला.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आर्गॉन भौतिक परिणाम काढून टाकतो, पण खालनं वर येणारं पाणी तो काढत नाही. आणि आपल्या अरबी समुद्रात नेमकं तेच होतंय. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात सोमालिया, ओमानच्या किनाऱ्याला आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या दक्षिण भागात खालचं थंड पाणी वर येतं. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत ऑक्सिजनचा जवळपास दुष्काळ आहे, जगातल्या मोठ्या दुष्काळी पट्ट्यांपैकी एक. आता खालनं येणारं पाणी सोबत भरपूर नायट्रेट आणतं, शेवाळ जोरात वाढतं, पाणी हिरवं दिसतं, आणि तुमचं ऑक्सिजन-आर्गॉन मात्र उणे, म्हणजे समतोलापेक्षा कमी, येतं! का, तर खालच्या पाण्यातला ऑक्सिजन तिथल्या बॅक्टेरियांनी आधीच खाऊन टाकलेला, आर्गॉन मात्र जागच्या जागी. म्हणजे गुणोत्तर पडणारच. नवीन माणूस हे बघून लिहून मोकळा होतो की इथं उत्पादनापेक्षा श्वसन जास्त. चूक. जुनं देणं वर आलंय ते, आजचा व्यवहार नाही. असल्या जागी मी तरी नुसत्या वरच्या पाण्याच्या आकड्यावरनं उत्पादन काढत नाही, खालपर्यंतचे ऑक्सिजनचे प्रोफाइल आणि किती पाणी वर येतंय त्याचा अंदाज सोबत नसेल तर तो डेटा बाजूला ठेवतो. काहीजण नायट्रस ऑक्साइड मोजून ही दुरुस्ती करतात, इतर समुद्रांत ते बरं चालतं, पण अरबी समुद्राच्या दुष्काळी थरात नायट्रस ऑक्साइडचंच गणित वाकडं आहे.

त्यामुळं तुमच्या १०४ टक्क्यांबद्दल पहिला प्रश्न मी हाच विचारीन की कुठलं ठिकाण आणि कुठला महिना. एप्रिलमधे मधल्या अरबी समुद्रात पाणी शांत, थर पातळ, खालनं काही येत नाही, तिथं हिशेब सरळ जातो. जुलै-ऑगस्टमधे तसं नाही.

एक फजिती पण सांगतो, कारण ही चूक आर्गॉननं पकडली जात नाही. जहाजाच्या तळाशी एक पाइप असतो, त्यातनं समुद्राचं पाणी सतत लॅबमधे येत राहतं आणि आपण ते मास स्पेक्ट्रोमीटरला जोडतो. यंत्र म्हणजे पाण्यातला गॅस एका पडद्यातनं किंवा छोट्या डब्यातल्या हवेतनं ओढून घ्यायचा आणि ३२ आणि ४० वस्तुमानाचे सिग्नल बघायचे, ऑक्सिजन आणि आर्गॉन. मधेमधे बाहेरची हवा देऊन कॅलिब्रेट करायचं, कारण हवेतलं गुणोत्तर पक्कं आहे (हवेची नळी धुराड्याच्या उलट बाजूला लावा, एवढं सांगितलं की हुशार माणसाला बाकीचं कळतं). एका जहाजावर आम्ही आठ दिवस बघतोय, गुणोत्तर रोज थोडंथोडं उतरतंय. आम्ही खूश, म्हटलं मोठं काहीतरी सापडलं, ब्लूम, म्हणजे शेवाळाचा बहर, संपत आला आणि आता श्वसन वाढतंय. मी तर मनातल्या मनात पेपरचं नाव पण ठरवलं होतं. नवव्या दिवशी एका ज्युनिअर पोरीनं सरळ बाहेरनं सॅम्पलरनं वरचं पाणी घेऊन विंकलर टायट्रेशन (बाटलीत रसायनं टाकून ऑक्सिजन मोजायची जुनी पद्धत) केलं आणि ते पाइपच्या पाण्यापेक्षा दोन टक्के जास्त निघालं. पाइपमधे आतनं शेवाळ-बॅक्टेरियाचा चिकट थर बसला होता आणि लॅबपर्यंत येईतोवर पाण्यातला ऑक्सिजन तोच खात होता. आर्गॉनला तो हात लावत नाही, म्हणजे पाइपमधलं श्वसन आणि समुद्रातलं श्वसन यंत्राला अगदी एकसारखं दिसतं. पाइप ब्लीचनं धुतला आणि आमचा ब्लूमचा शेवट पण वाहून गेला. तेव्हापासनं मी यंत्र कितीही भारी असू दे, रोज दोन बाटल्या विंकलर केल्याशिवाय झोपलो नाही. लाजोस विंकलरची ही १८८८ ची पद्धत आहे, नीट केली तर आजही हजारात एक-दोन एवढीच चूक.

पगार मोजायचं म्हटलं होतं, ते पटकन सांगतो. ऑक्सिजनचे तीन स्थिर समस्थानिक असतात, १६, १७, १८. वर स्ट्रॅटोस्फियरमधे ओझोन आणि कार्बन डायऑक्साइडच्या देवाणघेवाणीमुळं हवेतल्या ऑक्सिजनवर एक बारीक खूण उमटते, शेवाळानं पाण्यातनं नव्यानं काढलेल्या ऑक्सिजनवर ती नसते. त्या फरकावरनं ग्रॉस प्रॉडक्शन काढतात, बोआझ लुझ आणि युजेनी बारकान यांनी २००० च्या सुमारास ही पद्धत रुजवली. सॅम्पल टिकवायला मर्क्युरिक क्लोराइड लागतं, ते विष आहे, कॉलेजात या भानगडीत पडू नका.

आता हिप्परगा. करता येईल, आणि गंमत म्हणजे आर्गॉनशिवाय करता येईल. कारण बघा, खुल्या समुद्रात जैविक सिग्नलच एक-दोन टक्के असतो आणि ऊन-वाऱ्याचा गोंधळ पण तेवढाच, म्हणून दोघांना वेगळं करायला आर्गॉन लागतो. हिरव्यागार तलावात पहाट ते संध्याकाळ ऑक्सिजन तीस-चाळीस टक्के वरखाली होऊ शकतो, तिथं तापमानाचे पाच-सहा टक्के साध्या तक्त्यावरनं दुरुस्त केले तरी भागतं. यंत्र किती बारीक पाहिजे हे सिग्नल किती मोठा आहे त्यावर ठरतं.

पद्धत साधी. सूर्य उगवायच्या आधी एक रीडिंग, सूर्य मावळायच्या आधी एक, दुसऱ्या दिवशी परत पहाटे एक, मधे जमतील तेवढी. समजा पहाटे ६ मिलिग्रॅम प्रति लिटर, संध्याकाळी पाचला १०, परत पहाटे ६. रात्रीच्या १३ तासांत ४ गेले, म्हणजे तासाला ०.३१ खर्च. दिवसाच्या ११ तासांत पण तोच खर्च चालू होता असं धरलं तर ३.४, आणि वर दिसलेली वाढ ४, म्हणजे ग्रॉस साधारण ७.४ मिलिग्रॅम. २४ तासांची शिल्लक शून्य, म्हणजे कमावलं तेवढं खाल्लं. हवेत गेलेला ऑक्सिजन यात धरलेला नाही, म्हणून वारा पडलेला दिवस निवडा, आणि एकाच खोलीवर मोजू नका, वर हिरवं आणि खाली सडकं असा प्रकार तलावात फार असतो. सोबत पारदर्शक आणि काळ्या बाटल्या पाण्यात टांगून ठेवल्या तर ताळा पण मिळतो, गार्डर आणि ग्रान यांची १९२७ ची पद्धत आहे ती.

दोन ठिकाणी तुम्ही नक्की फसणार म्हणून सांगतो. सोलापूर समुद्रसपाटीपासनं साधारण साडेचारशे मीटर वर आहे, हवेचा दाब पाचेक टक्के कमी, म्हणजे २५ अंशाला गोड्या पाण्यात सॅच्युरेशन ८.२६ नाही तर ७.८ च्या आसपास. मीटरला उंची नाही सांगितली तर सगळे टक्के चुकतात. आणि दाब मोबाइलच्या हवामान ॲपवरनं घेऊ नका, ते समुद्रसपाटीला आणून ठेवलेला आकडा दाखवतात, हजाराच्या वर काहीतरी, इथला खरा दाब ९६० मिलिबारच्या आसपास असतो. एका पोरानं अख्खा प्रोजेक्ट त्या आकड्यावर केला होता आणि आपला तलाव रोज उपाशी का म्हणून विचारत आला.

दुसरं म्हणजे ऊन, विंकलरसाठी पाणी भरताना आणि आणताना. नळी बाटलीच्या तळापर्यंत घालून, बाटलीच्या दोन-तीन पट पाणी वरनं वाहू द्यायचं, बुडबुडा एकही नको, आणि मँगनीजचं आणि अल्कलाइन आयोडाइडचं द्रावण तिथंच काठावर टाकायचं, लॅबमधे येऊन नाही. अल्कलाइन आयोडाइड ॲझाइडवालं घ्या कारण तलावात नायट्राइट असतं, आणि ॲझाइड विषारी आहे, हातमोजे घाला. काठावर तपकिरी साका बसला की ऑक्सिजन अडकला, मग ॲसिड आणि टायट्रेशन लॅबमधे केलं तरी चालतं. ही द्रावणं न टाकलेलं पाणी मे महिन्यात तुळजापूर रोडनं गाडीच्या डिकीत आणलं तर बाटलीत बुडबुडे उठलेले दिसतील, ते पाणी ओतून द्यायचं. बाटल्या ओल्या पोत्यात गुंडाळून आणा, बुचावर पाणी ठेवा, आणि पहिल्या दिवशी सगळं दोन-दोन बाटल्यांत घ्या. दोन्ही बाटल्यांत ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फरक येत असेल तर तलावाचं सोडा, आधी हात बसवा.